बादलीचा हिशेब आणि घराचा हिशेब

काकू, सा. न. वि. वि.

माहेर इंदूरचं लोकमान्य नगर, सासर तिथलंच सुदामा नगर, आणि सहा वर्षांपासून मुक्काम अबू धाबी अमिरातीतलं अल ऐन. हे एका कंत्राटदार कंपनीत साइट इंजिनिअर आहेत. पगार ११,००० दिरहम, त्यात बेसिक ६,०००. घरभाडं २,९००, मुलीची शाळा बससकट १,२००, किराणा-भाजी १,८००, वीज-पाणी ५००, गाडीचा हप्ता १,६०० (अजून आठ राहिलेत), सासरी पाठवतो ते २,००० आणि फोन वगैरे ३००. हातात उरतात ७००. गेल्या महिन्यात यांच्या ऑफिसातल्या तिघांना नारळ मिळाला. तेव्हापासून मला धड झोप नाही.

आणि का कोण जाणे, मी पाण्याच्या मागे लागलेय. एसीच्या नळीखाली बादली ठेवते, मुलगी दात घासताना नळ बंद करायला धावते. हे म्हणतात, अति करतेस. मे महिन्यात इंदूरला आलो तेव्हा जाऊबाई पाइप लावून अंगण धूत होत्या. मी जाऊन नळ बंद केला. त्या म्हणाल्या, "वाळवंट तुमच्याकडे, आमच्याकडे नर्मदा आहे." दोन दिवस अबोला. भावजी इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या पुढे डायरीवर (रजिस्ट्रीशिवाय, बिल्डरच्या वहीतल्या नोंदीवर) प्लॉट घ्या म्हणून मागे लागलेत, १५ तारखेपर्यंत दोन लाख रुपये टोकन द्यायचंय. नाही म्हटलं की "गल्फवाल्यांना काय कमी?" परवा मुलीच्या हातून पेला सांडला तर ती रडायलाच लागली. म्हणाली, "आई, आता आपले पैसे संपणार का?" काकू, माझं काय चुकतंय?

एक इंदूरकरीण, अल ऐन

*

प्रिय मुली,

लेकीचं वाक्य तू पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टींना महिने लागतील आणि हे काम आजच करायचं आहे.

सात-आठ वर्षांच्या पोरीला दिरहम कळत नाहीत, नोकरकपात कळत नाही. तिला आईचा चेहरा कळतो. पेला सांडला की तुझा चेहरा कसा होतो आणि रात्री बाबांशी दबक्या आवाजात बोलताना कसा होतो, हे तिनं जुळवून टाकलंय. पाणी गेलं म्हणजे पैसे गेले, असं तिचं गणित झालंय. तू असं तिला कधी सांगितलं नसशील, पण घरात दोन्ही गोष्टी एकाच सुरात बोलल्या गेल्या. तिला शांतपणे जवळ बसव, झोपायच्या वेळी नको, दिवसाउजेडी. सांग, "पाण्याचं बिल आपण दर महिन्याला नीट भरतो. पेला सांडला तर पुसून टाकायचं. पाणी जपतो ते वेगळ्या कारणासाठी." ते कारण पुढे सांगते, तेही तिला सांग. आणि नळाकडे धावणं आठवडाभर तरी थांबव. तिचा नळ तिला बंद करू दे. विसरली तर विसरली.

आता तुझ्यासाठी गणित. अबू धाबी अमिरातीत तुमच्यासारख्या परदेशी कुटुंबाला पाणी हजार लिटरला साधारण ८ दिरहमनं पडतं, आणि फ्लॅटचा रोजचा वापर ७०० लिटरच्या वर गेला की त्यापुढचं १० च्या वर. बिलावरचे हिरवा आणि लाल पट्टे त्याचेच. समज, तू एवढी धावपळ करून रोज शंभर लिटर वाचवलंस. महिन्याला तीन हजार लिटर, म्हणजे २४ दिरहम. वर्षाला २८८. भावजींना जे टोकन हवंय ते आजच्या भावानं आठ-साडेआठ हजार दिरहमच्या घरात जातं. तेवढे पैसे बादलीतून काढायचे तर अठ्ठावीस-तीस वर्षं लागतील.

म्हणून मला वाटतं, तुझी भीती आहे नोकरीची, प्लॉटची, सासरच्या अपेक्षांची. तिथे तुझा हात पोचत नाही. नळापर्यंत पोचतो, म्हणून तू नळाकडे धावतेस. यात कंजूषपणा मुळीच नाही. नोकरीच्या चाळीस वर्षांत बँकेच्या काउंटरवर मी अशी माणसं पुष्कळ पाहिलीत. कर्ज डोक्यावर असलेला गृहस्थ पासबुकातल्या पाच रुपयांच्या चार्जवरून तासभर भांडायचा. त्या पाच रुपयांवर त्याला काही करता यायचं, एवढंच.

पण याचा अर्थ बादली फेकून दे असा नाही. पाणी जपायलाच हवं, आणि त्यासाठी पैशाच्या भीतीची गरज नाही. अल ऐनला वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरही होत नाही. तुझ्या नळाला जे येतं त्यातलं बरंचसं फुजैराच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करून, डोंगर-वाळवंट ओलांडून, शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून आणलेलं असतं. आजच्या चांगल्या प्रकल्पातही हजार लिटर खारं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते, आणि मागे उरणारं जास्त खारं पाणी परत समुद्रातच जातं. लेकीला सांगायचं कारण हे. तो पेला समुद्रातून निघून इथवर आलाय.

आता जाऊबाईंची नर्मदा. त्यांचं म्हणणं मला मनाला लागलं, कारण हे शहर ते अगदी सहज बोलतं. नर्मदा इंदुरातून वाहत नाही. ती मंडलेश्वरजवळ जलूदला आहे, सुमारे ७० किलोमीटरवर आणि आपल्यापेक्षा जवळपास ४०० मीटर खाली. १९७० मध्ये या गावातल्या लोकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचं पाणी आलं. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर शहर तगून होतं. हजार लिटर पाणी ४०० मीटर वर चढवायचं म्हटलं तर नुसत्या वजनाच्या हिशेबानं एक युनिटाच्या वर वीज लागते. पंपाची आणि पाइपाची घट धरली की आणखी बरीच. हे विजेचं बिल एवढं जड झालं की फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेनं हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) बाजारात आणून २४४ कोटी रुपये उभे केले, जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. तुझं अल ऐन आणि आपलं इंदूर, दोघंही वीज जाळून दुरून पाणी आणतात. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी नळ बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकर गल्लोगल्ली फिरतात. पाणी कोणाचं कमी, हा वाद मिटवायला एवढं पुरे.

तरीही नळ बंद करायला तू जायला नको होतंस. अंगण त्यांचं, घर त्या चालवतात, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी रोज त्या बघतात. तू वर्षाकाठी महिनाभर येतेस. त्यांना नळ बंद केल्याचा राग आलेलाच नाही, "हिला आता आमचं सगळं चुकीचं दिसतं" याचा आलाय. दिवाळीच्या आधी त्यांना फोन कर आणि नळाबद्दल माफी माग, नर्मदेचा विषय न काढता. पुढच्या खेपेला स्वयंपाकघरातल्या आरओच्या वाया जाणाऱ्या नळीखाली एक बादली ठेव. ते यंत्र एक पेला पाणी देताना त्याहून जास्त बाहेर सोडून देतं, आणि अंगण धुवायला ते उत्तम. जाऊबाईंना अंगण धुवायचं असेल तर धुऊ देत, त्या पाण्यानं.

तुझ्या घरातल्या पाण्याचंही थोडक्यात सांगते, म्हणजे जे खरंच उपयोगी आहे तेवढंच राहील. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून थंड नळाला चटका बसेल असं पाणी येतं, ते तुला ठाऊकच आहे. लोक गार पाणी येईल म्हणून किती वेळ नळ सोडून ठेवतात. तू मे ते सप्टेंबर गीझरचा बटन बंद ठेव. गीझर एसीच्या घरात असतो, त्यात साठलेलं पाणी निवतं. मग गरम पाण्याचा नळ सोडून त्याच पाण्यानं आंघोळ करायची. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग चार थेंब टाक आणि अर्धा तास वापरू नको. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकी झिरपतेय, आणि ही झिरप दिवसाला तुझ्या सगळ्या बादल्यांहून जास्त पाणी नेऊ शकते. एसीचं पाणी झाडांना आणि फरशीला घालायला चांगलं, पिण्यात किंवा स्वयंपाकात नको. दुबईतल्या बुर्ज खलिफाचं एसीचं पाणीही गोळा करून बागेलाच घालतात. बस, एवढं कर आणि बाकी सोड.

आता पैशाकडे येऊ. यासाठी तुला गावाबाहेर कुठे जायला नको. लेकीला घेऊन एका सुटीच्या दिवशी, ऊन उतरल्यावर, अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये जा. लाखाहून जास्त खजुराची झाडं आहेत तिथे, आणि त्यांच्या बुंध्यांतून हातभर रुंदीचे पाट जातात. त्याला फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं आणायचं, अशी ही पद्धत. २०११ पासून अल ऐनचे फलज जागतिक वारशात आहेत, आणि तुमच्या सीमेपलीकडे ओमानातले पाच त्याआधी, २००६ पासून. आपल्याकडे बुऱ्हाणपूरला सतराव्या शतकातला कुंडी भंडारा आहे, तो याच जातीचा. इंदूरहून इतक्या जवळ असून आपल्यातले किती जण तो पाहून आलेत!

फलजात पाणी वाटायची एक रीत असते. पाणी वस्तीत शिरतं तिथला पहिला काठ पिण्यासाठी, सगळ्यांना खुला. त्याखाली आंघोळ-धुणं. मग खजुराची बाग, आणि बागेत प्रत्येकाची पाळी वेळेवर ठरलेली. सर्वांत शेवटी, उरलं तर, हंगामी पिकं. ओमानात कोरड्या वर्षी हंगामी शेत लावतच नाहीत. खजुराचं पाणी मात्र तोडत नाहीत. हंगामी पीक एका वर्षात परत येतं, खजूर वाढायला कित्येक वर्षं जातात.

तुझ्या ११,००० दिरहममधून हीच रीत लाव. पिण्याचा काठ म्हणजे भाडं, किराणा, बिलं. खजूर म्हणजे लेकीची शाळा, सासू-सासऱ्यांचं औषध आणि तुमची स्वतःची अडीअडचणीची रक्कम. प्लॉट, सोनं, येताना न्यायच्या बॅगा भरून भेटी ही सगळी हंगामी पिकं. आत्ता तुमच्याकडे उलटं चाललंय. प्लॉट सगळ्यांत आधी दारात उभा आहे आणि अडीअडचणीची रक्कम महिनाअखेरीला काही उरलं तर.

ती रक्कम किती, तेही सांगते. सासरी पाठवायचे सोडून तुमचा तिथला खर्च ८,३०० आहे. तीन महिन्यांचे साधारण २५,०००. दरमहा ७०० नं तीन वर्षं लागतील, तोवर कोणी थांबत नाही. म्हणून सासरी जाणाऱ्या २,००० बद्दल बोलावंच लागेल. ते आज पंचेचाळीस हजार रुपयांच्या वर होतात. औषधं, डॉक्टर, घरखर्च यांत त्यातले किती जातात ते मामंजींनाच विचारा. मला वाटतं १,५०० त सगळं भागेल. न भागल्यास खजूर आहे, कापू नका. भागलं तर हातात १,२०० उरले. आठ महिन्यांत ९,६०० झाले. मग गाडीचा हप्ता संपतो आणि दरमहा २,८०० बाजूला पडतात. सव्वा वर्षाच्या आत २५,००० जमतात. गाडीचा हप्ता संपला म्हणून नवी गाडी काढू नका, एवढं मात्र वचन दे.

हे बोलणं तू करू नकोस. यांनी करायचं, आपल्या वडिलांशी, एकट्यानं, भावजी खोलीत नसताना. "बाबा, ऑफिसात तिघांना काढलंय. माझी नोकरी आहे, पण मी आता सव्वा वर्ष हात राखून चालणार आहे. तुमच्या औषधाला काही कमी पडू देणार नाही." एवढी तीन वाक्यं पुरतात. आपल्या घरांत परदेशातला मुलगा अडचण सांगत नाही आणि मग घरच्यांनी समजून घेतलं नाही म्हणून मनात कुढतो. त्यांना सांगितलंच नाही तर ते समजणार कसे? सुदामा नगरातला तो म्हातारा बाप तुम्हाला वाटतो तितका अवघड माणूस नसेल.

नोकरी गेलीच तर काय हातात येईल, हेही आत्ताच मांडून ठेव, म्हणजे रात्री अंधारात मांडावं लागणार नाही. तिथल्या कायद्यानं ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची आणि पुढे वर्षाला ३० दिवसांची, पण बेसिकवर. यांची सहा वर्षं पूर्ण धरली तर १३५ दिवस, दिवसाला २०० दिरहम, म्हणजे २७,०००. पुष्कळ लोक हे पूर्ण पगारावर मोजतात आणि शेवटच्या दिवशी कोसळतात. दुसरं, २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे. १६,००० पर्यंत बेसिक असलेल्यांना महिन्याला ५ दिरहम. काढून टाकलं तर बेसिकच्या ६० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ३,६००, जास्तीत जास्त तीन महिने मिळतात. पण सलग बारा महिने भरलेला हवा, स्वतः राजीनामा दिला तर मिळत नाही, आणि अर्ज तीस दिवसांत करायचा. कंपनी दमदाटी करून राजीनाम्यावर सही मागते तेव्हा ही गोष्ट लक्षात असू दे. यांच्या कंपनीनं हा विमा काढला असेल असं गृहीत धरू नका, यांना आजच तपासायला सांग.

जमलेले पैसे कुठे ठेवायचे? तीन महिन्यांचे तिथेच, दिरहममध्ये, लगेच काढता येतील असे. त्यापुढचे एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी खात्याच्या, मुदत ठेवीत. तिथलं व्याज भारतात करमुक्त आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. यांचं इंदुरातलं जुनं बचत खातं अजून साध्या खात्यासारखंच चालू असेल तर ते एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या पैशांचं खातं) करून घ्या, नियमच तसा आहे. त्यावरच्या व्याजातून मात्र ३० टक्के कर आधीच कापला जातो, हे धरून चाला.

राहिला प्लॉट. यात मी काही मधलं सांगणार नाही. डायरीवर प्लॉट घेऊ नका. इंदूरबाहेर वाचणाऱ्यांसाठी सांगते, डायरी म्हणजे वसाहतीची मंजुरी नाही, रेराची (घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंद नाही, रजिस्ट्री नाही, बिल्डरच्या वहीत तुमचं नाव आणि घेतलेली रोख. पुढे भाव चढला तर वहीतलं नाव खोडतात, आणि वसाहत अडली तर वही सापडत नाही. दुबईत किंवा अल ऐनमध्ये बसून तुम्ही ती वही कोणाला दाखवणार? शिवाय ती जमीन अजून शेतीचीच असेल, डायव्हर्शन (बिगरशेती वापराची परवानगी) झालेलं नसेल, तर अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही. वारशानं आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. भावजी मुद्दाम फसवतायत असं मी म्हणत नाही, त्यांनाही कोणीतरी हेच गोड बोलून गळ्यात मारलं असेल.

१५ तारखेच्या आत यांनी भावजींना तीन कागद मागायचे: प्रकल्पाचा रेरा क्रमांक, टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची मंजुरी आणि डायव्हर्शनचा आदेश. व्हॉट्सअॅपवर फोटो चालेल. रेरा क्रमांक मध्य प्रदेश रेराच्या संकेतस्थळावर घालून बघा, प्रकल्पाचं नाव आणि बिल्डरचं नाव जुळतंय का ते. तिन्ही आले आणि जुळले तरी टोकन बँकेतूनच, एनआरई खात्यातून, पावतीसकट, आणि तेही तुमचे २५,००० जमल्यावर. तोवर भावजींना "सव्वा वर्षानं बोलू" एवढंच उत्तर. कागद आले नाहीत तर पुढे बोलायचंही कारण नाही.

तुझी,
काकू